६०० जीबी, दोन लॅपटॉप आणि एक लॅन केबल

नवीन लॅपटॉप घरी आला की जुन्यातलं सगळं त्यात हलवायचं काम निघतं. दहा-वीस जीबी असतील तर काहीही चालतं: पेनड्राइव्ह, वाय-फायवरून लोकलसेंड, दोन्हीकडे मॅक असेल तर एअरड्रॉप. पण फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि जुन्या प्रोजेक्टची फोल्डर्स मिळून पाच-सहाशे जीबी आणि तीन-चार लाख फाइल्स झाल्या की हे सगळे उपाय निम्म्यात दगा देतात. अशा कामाला माझ्या मते एकच भरवशाचा मार्ग आहे. दोन लॅपटॉप लॅन केबलने थेट जोडा आणि रोबोकॉपी या विंडोजमधल्या कॉपी करणाऱ्या कमांडने डेटा ओढून घ्या. पुढचं सगळं विंडोजवरून विंडोजवर नेण्याबद्दल आहे. मॅक आणि लिनक्स मधेमधे येतील.

आधी गणित

विकणारे वेग बिटमध्ये सांगतात, विंडोज तो बाइटमध्ये दाखवतं, म्हणून आठाने भागायचं. गिगाबिट लॅन म्हणजे सेकंदाला १२५ एमबी. त्यातून प्रोटोकॉलचा खर्च वजा जाता मोठ्या फाइल्सना ११० ते ११५ एमबी मिळतात. ६०० जीबीला साधारण दीड तास. यूएसबी २.० वर कितीही केलं तरी ३५ एमबी, म्हणजे पावणेपाच तास. पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीने चालली तरी डेटा दोनदा फिरतो, आधी तिच्यावर आणि मग तिच्यावरून, त्यामुळे सव्वातीन तासांच्या वरच. क्लाउडवर चढवून उतरवायचं तर १०० एमबीपीएसच्या फायबरवर नुसतं चढवायलाच तेरा तासांहून जास्त लागतात.

वाय-फायचा आकडा सगळ्यात फसवा. सेटिंगमध्ये '८६६ एमबीपीएस' दिसतं, प्रत्यक्षात त्यातले फार तर निम्मे-पाऊण हाती येतात. त्यात दोन्ही लॅपटॉप वाय-फायवर असले की प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं: पहिल्या लॅपटॉपकडून राउटरकडे आणि राउटरकडून दुसऱ्याकडे, तेही एकाच चॅनेलवर. म्हणून पुन्हा निम्मा. सेकंदाला २५ एमबी मिळाले तरी पुष्कळ झाले, म्हणजे ६०० जीबीला पावणेसात तास. वायरलेसशिवाय इलाजच नसेल तर दोघांपैकी एक लॅपटॉप तरी राउटरला केबलने जोडा, हवेतली एक फेरी वाचते. आणि २.४ गीगाहर्ट्झचं नेटवर्क या कामाला विसरा.

केबल आणि पोर्ट

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ची साधी पॅच कॉर्ड, दोन-तीन मीटरची. कॅट ७, कॅट ८ लिहिलेल्या महागड्या केबलने या कामात एक एमबीही वाढत नाही. दोन कॉम्प्युटर जोडायला 'क्रॉस केबल' लागते हा सल्ला जुन्या काळचा आहे. गिगाबिट पोर्ट कुठल्या तारा कशाला ते आपसांत ठरवून घेतात.

मात्र केबलच्या आठही तारा शाबूत हव्यात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही तर जोडणी तुटत नाही, गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरते. कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीच्या आसपास खिळून राहिला तर दुसरं काही न तपासता केबल बदला. त्या वेगाने ६०० जीबीला पंधरा तास लागतील. टास्क मॅनेजरमध्ये किंवा अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये लिंक स्पीड १.० जीबीपीएस दिसतोय ना, हे कॉपी सुरू करण्यापूर्वीच बघून घ्यावं.

पातळ लॅपटॉपना लॅनचा पोर्टच नसतो, तिथे यूएसबीचा लॅन अडॅप्टर लागतो. घेताना दोन गोष्टी वाचा: '१०/१००/१०००' किंवा 'गिगाबिट', आणि यूएसबी ३.०. स्वस्तात मिळणारे '१०/१००' वाले अडॅप्टर आपल्याला परत त्याच ११ एमबीवर आणून सोडतात. दोन्हीकडे २.५ गिगाबिटचे अडॅप्टर असतील तर सेकंदाला २८० एमबीपर्यंत जाता येतं आणि सगळं काम पाऊण तासाच्या आत होतं, अर्थात दोन्हीकडे एसएसडी असेल तर. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर ती स्वतःच १०० एमबीच्या आसपास दमते, मग २.५ गिगाबिटवरचा खर्च वाया.

दोन्ही बाजूंना यूएसबी-ए प्लग असलेली साधी केबल घेऊन दोन लॅपटॉप जोडू नका. दोन्ही पोर्ट यजमान असतात, दोन्ही पाच व्होल्ट सोडतात. डेटा तर जात नाहीच, पोर्ट मात्र जळू शकतो. मध्ये चिप असलेली 'ब्रिज केबल' वेगळी, ती चालते, पण लॅन असताना तिच्यावाचून काही अडत नाही. दोन्हीकडे थंडरबोल्ट असेल तर थंडरबोल्टची केबल लावा, विंडोज आणि मॅक दोन्ही तिला नेटवर्क कार्डासारखं वागवतात आणि गिगाबिट मागे पडतं. चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल या कामाची नाही. तिच्यात बहुतेक वेळा डेटासाठी फक्त यूएसबी २.० च्या तारा असतात.

थेट केबलचा आणखी एक फायदा गावाकडच्या लोकांना लगेच कळेल. लाइट गेली की राउटर बंद पडतो, पण दोन लॅपटॉप आपापल्या बॅटरीवर कॉपी चालूच ठेवतात.

दोघांची ओळख करून देणं

केबल लावली की दोन्ही लॅपटॉप १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. त्यावरही काम होतं, पण पत्ता आपण दिलेला बरा. रनमध्ये एनसीपीए.सीपीएल टाइप करून जुनी नेटवर्कची खिडकी उघडा, लॅनच्या आयपीव्ही४ मध्ये जुन्या लॅपटॉपला १९२.१६८.५०.१ आणि नव्याला १९२.१६८.५०.२ द्या, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएस रिकामे. घरचा राउटरच १९२.१६८.५० वर असेल तर ५०च्या जागी ७७ घ्या, नाहीतर विंडोज कुठल्या वाटेने जावं यात गोंधळतं.

लोक सर्वांत जास्त अडकतात ते पुढच्या पायरीवर. राउटर नसल्याने विंडोज या जोडणीला 'अनोळखी नेटवर्क' म्हणतं आणि पब्लिक प्रोफाइलमध्ये टाकतं. पब्लिकमध्ये फायरवॉल शेअरिंग अडवतो. सेटिंग्जमध्ये इथरनेटवर जाऊन ते प्रायव्हेट करा आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. पिंगला (समोरचा लॅपटॉप उत्तर देतो का हे बघणाऱ्या कमांडला) उत्तर आलं नाही म्हणून केबलला दोष देऊ नका, पिंगही तोच फायरवॉल अडवत असतो.

दुसरा अडथळा पासवर्डचा. जुना लॅपटॉप आपण चार आकडी पिनने उघडतो, पण नेटवर्कवरून येणाऱ्याला पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड अर्ध्या लोकांना आठवत नसतो. पासवर्डच न ठेवता 'एव्हरीवन'ला शेअर करण्याची युक्तीही आता निकामी होत चालली आहे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पाहुण्याचा प्रवेश मुळातच बंद असतो. यावर सरळ उपाय म्हणजे जुन्या लॅपटॉपवर 'कॉपी' नावाचं एक स्थानिक खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि त्या खात्याला डेटा शेअर करा. सी ड्राइव्हवरचं आपल्या नावाचं फोल्डर शेअर करताना प्रॉपर्टीजमधलं साधं 'शेअर' बटण वापरा, ते शेअरची आणि एनटीएफएसची (विंडोजच्या डिस्क फॉरमॅटची) अशा दोन्ही परवानग्या देतं. अख्खा डी ड्राइव्ह द्यायचा तर 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग'मधूनच द्यावा लागतो.

परवानगी फक्त 'रीड'ची द्या. नव्या लॅपटॉपवर बसून जुन्यातून ओढायचं, जुन्यावरून ढकलायचं नाही. मग कमांडमध्ये कितीही उलटसुलट झालं तरी मूळ डेटाला धक्का लागत नाही. याच कारणाने 'कट-पेस्ट' कधीही नको. मध्येच जोडणी तुटली की कुठली फाइल कुठे राहिली ते शोधत बसावं लागतं.

एक्सप्लोरर नको, रोबोकॉपी

एक्सप्लोररमध्ये ओढून टाकलेली कॉपी पन्नास हजाराव्या फाइलवर एक प्रश्न विचारून रात्रभर थांबून राहते. शिवाय त्याला अजूनही पूर्ण पत्त्याची २६० अक्षरांची मर्यादा नडते. जुन्या डेस्कटॉपचं बॅकअप, त्यात त्याआधीच्या डेस्कटॉपचं बॅकअप अशी फोल्डरांची उतरंड असली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. रोबोकॉपी विंडोज व्हिस्टापासून आत बसवलेलंच आहे, काही डाउनलोड करावं लागत नाही. नव्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. इथे कमांड देवनागरीत लिहिली आहे, टाइप करताना अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजी:

रोबोकॉपी \\१९२.१६८.५०.१\जुना डी:\जुना /ई /एमटी:८ /आर:२ /डब्ल्यू:५ /एक्सजे /लॉग:डी:\कॉपी.टीएक्सटी

पहिला 'जुना' हे जुन्या लॅपटॉपवरच्या शेअरचं नाव, दुसरा नव्यावरचं फोल्डर. यातला /ई म्हणजे रिकाम्या फोल्डरांसकट सगळी उपफोल्डर्स. /एमटी:८ म्हणजे एका वेळी आठ फाइल्स. दोन्हीकडे एसएसडी असेल तर १६ किंवा ३२ करून बघा, पण जुन्यात फिरती डिस्क असेल तर वाढवू नका, तिचं हेड इकडून तिकडे धावण्यातच वेळ जातो आणि वेग उलट घटतो. /आर आणि /डब्ल्यू टाकल्याशिवाय एंटर दाबू नका. ते न दिल्यास रोबोकॉपी अडलेल्या प्रत्येक फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करतं. एक फाइल उघडी राहिली असेल तर कॉपी तिथेच अडून बसते.

/एक्सजे कशाला? विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये जुन्या प्रोग्रॅमांसाठी ठेवलेल्या खोट्या वाटा असतात, ज्यांना जंक्शन म्हणतात. त्यातली 'अ‍ॅप्लिकेशन डेटा' ही वाट फिरून स्वतःपाशीच येते, आणि हा स्विच नसेल तर रोबोकॉपी त्या चक्रात शिरून फोल्डरात फोल्डर बनवत सुटतं. /एमआयआर मात्र टाळा. बऱ्याच ठिकाणी तो बिनधास्त सुचवलेला दिसतो, पण तो नव्या जागी जे जास्तीचं असेल ते पुसतो. रिकाम्या फोल्डरवर ठीक, आधीच काही ठेवलेल्या जागेवर घातक.

अख्खा ड्राइव्ह मुळापासून कॉपी करताना दोन खास भानगडी होतात. पहिली, अवतरणचिन्हांत ड्राइव्हचं नाव लिहून शेवटी उलटा स्लॅश ठेवला की तो स्लॅश पुढचं अवतरणचिन्ह खातो आणि कमांड निरर्थक होते. दुसरी जास्त घाबरवणारी: कॉपी पूर्ण होते, जागा भरलेली दिसते, पण फोल्डर गायब. ड्राइव्हच्या मुळाला लपवलेलं आणि सिस्टीमचं अशा दोन खुणा असतात, त्या नव्या फोल्डरला चिकटतात. अ‍ॅट्रिब -एच -एस आणि पुढे फोल्डरचं नाव, एवढ्याने ते परत दिसतं. रिसायकल बिन आणि 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' ही दोन फोल्डर्स /एक्सडी देऊन आधीच वगळा.

कॉपी मध्येच तुटली तर तीच कमांड पुन्हा चालवा. झालेल्या फाइल्स सोडून ते पुढे जातं. दोन्ही लॅपटॉप चार्जरवर, स्लीप 'नेव्हर'वर, आणि झाकण बंद केल्यावर 'काहीही करू नका' हे सेटिंग, एवढं सुरू करण्यापूर्वी.

मॅक किंवा लिनक्सवर हेच काम आरसिंक करतं. त्यात मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो, न दिला तर फोल्डरसकट जातो. हा फरक विसरला की सगळं एक पायरी आत जाऊन बसतं.

जीबीपेक्षा फाइल्सची संख्या

चार जीबीचे शंभर व्हिडिओ तासाभरात जातील आणि त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा, पण पाच लाख फाइल्सचा प्रोजेक्ट दुपार खाईल. प्रत्येक फाइलसाठी उघडा, नाव नोंदवा, परवानगी तपासा, लिहा, बंद करा, एवढी देवाणघेवाण होते आणि शिवाय विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर प्रत्येकीवर नजर टाकतो. केबल त्या वेळी जवळपास रिकामी असते, म्हणून ११० चा वेग दोन-तीन एमबीवर आलेला पाहून दचकू नये.

उपाय दोन. जे परत बनवता येतं ते नेऊच नका: नोड मॉड्यूल्स, बिल्डचे फोल्डर, ब्राउझरचा कॅशे. उरलेल्याचं जुन्या लॅपटॉपवरच एक गाठोडं बांधा. सेव्हन-झिपमध्ये कॉम्प्रेशन 'स्टोअर' ठेवायचं, कारण जेपीजी आणि एमपी४ आधीच दाबलेले असतात, ते आणखी दाबण्यात फक्त पंखा फिरतो.

मध्ये बाहेरची डिस्क वापरणार असाल तर तिचं फॉरमॅट बघा. एफएटी३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सएफएटीवर मावते, पण मोठ्या डिस्कवर विंडोज १२८ केबीचे खण पाडतं आणि दोन केबीची फाइलही पूर्ण खण अडवते. पाच लाख बारक्या फाइल्स अशा साठेक जीबी जागा खातात, आतला माल पाच जीबीचाही नसला तरी. विंडोज ते विंडोजसाठी एनटीएफएसच बरं. मॅक मात्र ते फक्त वाचतो.

आपल्याकडच्या फाइल्सना मराठी नावं असतात आणि त्यांचे स्वतंत्र चोचले आहेत. लिनक्सच्या एक्स्ट४ या डिस्क फॉरमॅटवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा आणि हलन्त धरून, म्हणजे नाव ८५ चिन्हांतच संपतं. विंडोजवर आरामात राहिलेलं 'ग्रामपंचायत सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त' असं सुरू होऊन ८५ चिन्हांपुढे जाणारं नाव तिथे नाकारलं जातं. आणि 'ऱ' हा तर खरा बिलंदर. तो एका चिन्हानेही लिहिता येतो आणि 'र' अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनीही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क तो फोडूनच साठवते. तिथून आलेली 'दुसऱ्या सहामाहीची बिलं' आणि विंडोजवरची तीच फाइल पडद्यावर हुबेहूब सारखी, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळी. एकाच फोल्डरात दोन्ही नांदतात आणि कॉपीचं सॉफ्टवेअर दर वेळी नवी प्रत करतं.

जे नुसत्या कॉपीने येत नाही

वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा त्याच्याच ताब्यात असतात. ज्या फाइलवर ढगाची खूण आहे ती लॅपटॉपवर नाहीच. कॉपी करू गेलात की ती आधी इंटरनेटवरून उतरते. अशी फोल्डर्स वगळा आणि नव्या लॅपटॉपवर वनड्राइव्हला सिंक करू द्या. क्रोमचं प्रोफाइल फोल्डर उचलून नेलं तरी त्यातले पासवर्ड उघडत नाहीत, ते जुन्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद असतात. सिंक किंवा एक्स्पोर्ट करा. आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाइल) आणि टॅलीचा डेटा नेताना ते प्रोग्रॅम बंद हवेत.

जुना लॅपटॉप चालूच होत नसेल तर एसएसडी काढून एनव्हीएमईच्या किंवा साटाच्या यूएसबी केसमध्ये घालावी लागते. ती बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असली तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या विंडोजमध्ये हे कुलूप मालकाला न विचारताही लागलेलं असतं, आणि की त्याच खात्यात ऑनलाइन सापडते. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी ती कागदावर उतरवा. ड्राइव्ह उघडल्यावर 'तुम्हाला परवानगी नाही' म्हणून 'कंटिन्यू' विचारलं तर दाबू नका, ते लाखो फाइल्सच्या परवानग्या बदलत बसतं. अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये रोबोकॉपीला /बी दिला की परवानग्यांना न शिवता फाइल्स वाचता येतात.

कॉपीत 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' हे शब्द दिसले तर केबलचा संबंध नाही, जुनी डिस्क मरायला लागली आहे. पुन्हापुन्हा प्रयत्न करून तिला शिणवू नका. /आर:० ठेवून आधी महत्त्वाची फोल्डर्स काढून घ्या, मग उरलेल्यासाठी लिनक्सवरून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरून डेटा काढणारं साधन वापरा.

पोचलं का, ते बघणं

रोबोकॉपीच्या लॉगच्या तळाशी तक्ता असतो, त्यात 'फेल्ड'च्या रकान्यात शून्य हवं. नसेल तर लॉगमध्ये 'एरर' शोधा, फाइलचं नाव आणि कारण दोन्ही सापडतं. मग तीच कमांड /एल जोडून चालवा. ती काही कॉपी करत नाही, फक्त काय राहिलंय ते सांगते. मधली डिस्क एक्सएफएटी किंवा एफएटी असेल तर /एफएफटीही जोडा, कारण तिथे वेळ तंतोतंत जुळत नाही आणि नसलेले फरक दिसतात. ही तपासणी आकार आणि तारीख बघते, आतला मजकूर नाही. लग्नाच्या व्हिडिओसारख्या परत न मिळणाऱ्या फोल्डरांसाठी फ्रीफाइलसिंकमध्ये मजकुराची तुलना लावा. दोन्ही बाजू पुन्हा वाचल्या जातात, म्हणून वेळ कॉपीइतकाच धरा. एखादीच फाइल असेल तर सर्टयूटिल -हॅशफाइल दोन्हीकडे चालवून आकडे जुळवा.

जुना लॅपटॉप विकायचा किंवा कुणाला द्यायचा असेल तर 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून थांबू नका. 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा, आणि त्याच पानावरचा सगळे ड्राइव्ह पुसण्याचा पर्यायही. तो आपोआप चालू नसतो, आणि मग विंडोजचा सी ड्राइव्ह चकचकीत होतो पण डी ड्राइव्हवरचे ६०० जीबी जसेच्या तसे नव्या मालकाकडे जातात.